चिचुंद्रीचा हिशेब

बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अभयारण्यांत मचाणांवर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद केली जाते. वाघ, अस्वल, गवा, सांबर यांची त्या कागदावरील जागा ठरलेली असते. मचाणाखालच्या पाचोळ्यात रात्रभर फिरणाऱ्या चिचुंद्रीची दखल मात्र कोणी घेत नाही. घरात तर ती दुर्गंधीपायी केरसुणीचा मारच खाते. वस्तुतः चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे. ती हिंडते ती मुख्यतः झुरळे, भुंगे आणि अळ्या यांच्या शोधात. वनरक्षणाच्या विचारात अशा प्राण्याला स्थान का असावे, याचे उत्तर कॅनडात साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच मिळालेले आहे.

तेथील ऑन्टारिओ प्रांतात पाइनच्या लागवडींना युरोपातून आलेल्या करवतमाशीचा उपद्रव होत असे. ही माशी गांधीलमाशीच्या गोतातली. मादी करवतीसारख्या अवयवाने पान चिरून त्यात अंडी घालते. अळ्या पाइनची सुईसारखी पाने फस्त करतात आणि मग खाली उतरून पाचोळ्यात कोष विणतात. सी. एस. हॉलिंग या शास्त्रज्ञाने नेमके हे कोष मोजले. कोष फोडण्याची प्रत्येक प्राण्याची तऱ्हा वेगळी. त्यामुळे रिकाम्या कोषावरून खाणारा ओळखता येई. 1959 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात चिचुंद्रीच्या दोन जाती आणि एक रानउंदीर असे तीन भक्षक होते. कोष वाढले की प्रत्येक प्राणी अधिक कोष खाई, हे अपेक्षितच होते. पण भक्ष्य वाढताच लहान जातीच्या चिचुंद्रीची संख्याही वाढे. अर्थात या सामर्थ्याला सीमा आहे. पोट केव्हातरी भरतेच, आणि कीड एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे खाल्ल्या जाणाऱ्या कोषांचे प्रमाण घटू लागते. तात्पर्य, या प्राण्यांचा खरा उपयोग कीड थोडी असताना, म्हणजे तिची बातमी होण्यापूर्वी असतो. जे संकट आलेच नाही त्याचे श्रेय कोणत्या अहवालात लिहावयाचे?

1958 मध्ये न्यूफाउंडलंड बेटावर, जेथे चिचुंद्री मुळातच नव्हती, ती बाहेरून आणून सोडण्यात आली. लार्च वृक्षांवरील करवतमाशीला आवर घालणे हा हेतू होता. रेचेल कार्सन यांनी 1962 च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये फवारणीला पर्याय म्हणून या प्रयोगाचा उल्लेख केला आहे. तरीही परका प्राणी बेटावर सोडण्याचे हे धाडस अनुकरणीय नव्हे. 1872 मध्ये उसातील उंदरांसाठी भारतातून जमेकात नेलेल्या मुंगसांनी तेथील पक्ष्यांचीच दाणादाण उडविली.

आपल्याला बाहेरून काही आणावयाचे नाही. असलेले राखावयाचे आहे. सागाची पाने खाणारी अळीही पूर्ण वाढ झाल्यावर जमिनीवर उतरते आणि पाचोळ्यात कोषावस्थेत जाते. म्हणजे भक्षकाच्या वाटेवर तीही येते. पण त्याच पाचोळ्याला आपण कचरा समजतो. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी झाडांखालचा पाला पेटविला जातो, आग पसरते आणि आसऱ्याचे बीळ, खाद्य, ओलावा हे सारे एका दुपारी संपते. फुले वेचणाऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि पाला न जाळता फुले गोळा करण्यासाठी झाडाखाली अंथरावयास जाळी पुरविणे वनखात्याला अशक्य नाही.

चिचुंद्री सर्व किडींवरचा उतारा आहे, असा येथे दावा नाही. सालवृक्ष पोखरणारा भुंगा खोडाच्या आत वाढतो. तेथे तिचे दात पोचत नाहीत. 1997 च्या सुमारास मध्य प्रदेशात या भुंग्याचा कहर झाला, तेव्हा मोठ्या प्रमाणावर वृक्षतोड करावी लागली. परंतु ज्या किडीची एक अवस्था जमिनीवर जाते, तिच्यापुरता तरी विचार वनांच्या कार्य आयोजनेत व्हावयास हवा. पाचोळा राखलेला एक तुकडा आणि जळलेला एक तुकडा घेऊन दोहोंतील कोष मोजण्यास मोठा निधी लागत नाही. एक लाकडी चौकट, एक चाळणी आणि जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे चार विद्यार्थी एवढे पुरे.