भिंतीवरच्या चिठ्ठ्या: एक प्रत्युत्तर



प्रजनन-आरोग्यसेवेविषयी लोकांच्या मनोगतांतून सार्वजनिक जागी घडणाऱ्या सामूहिक कलाकृती म्हणजे खासगी दुःखाचे प्रदर्शन, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत डब्लिनच्या उदाहरणापुढे टिकत नाही. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये, गर्भपात नाकारला गेल्यानंतर, सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिसादाने, मृत्यू झाला. मे २०१८ मध्ये गर्भपातबंदीवरील सार्वमताच्या वेळी डब्लिनमधील त्यांच्या भित्तिचित्रावर नागरिकांनी आपणहून शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या, ज्यांत क्षमायाचना होती आणि कृतज्ञताही. काय सांगायचे आणि नाव द्यायचे की नाही, हे जेथे सांगणाराच ठरवतो, तेथे प्रदर्शनाचा आक्षेप अन्यायकारक ठरतो. शहराच्या अभिलेखागाराने, म्हणजे दप्तरे जपणाऱ्या संस्थेने, त्या चिठ्ठ्या इतिहासाचे साधन मानून जतन केल्या आहेत.

– एक वाचक