टी-शून्यचा आकडा कोणत्या तापमानाचा?

लेझर डायोडची डेटाशीट हातात आली की नजर आधी टी-शून्यच्या आकड्यावर जाते. तो जितका मोठा तितका लेझर उष्णतेला दाद देत नाही, असा समज आपल्या क्षेत्रात पक्का झाला आहे. तो अर्धाच खरा आहे.

हिशेब सगळ्यांना पाठ आहे. थ्रेशोल्ड करंट तापमानाबरोबर घातांकी चढतो. इंडियम गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडच्या १३१० नॅनोमीटर लेझरचा टी-शून्य ६० केल्विन धरला, तर २५ वरून ८५ अंशांवर जाताना थ्रेशोल्ड २.७ पट होतो. फॉस्फरसऐवजी ॲल्युमिनियम घेतले की वहनपट्ट्यातली भिंत उंचावते, इलेक्ट्रॉन सहजी निसटत नाहीत. टी-शून्य १०० पर्यंत गेला, तर तीच वाढ १.८ पटींवर राहते. ऑजर पुनर्संयोगाचा त्रास तिथेही सुटत नाही, तरी ही सुधारणा खरी आहे.

क्वांटम डॉटची गोष्ट वेगळी. अराकावा आणि साकाकी यांनी १९८२ मध्ये कागदावर मांडलेली कल्पना २००४ मध्ये फुजित्सू आणि टोकियो विद्यापीठाने प्रत्यक्षात आणली: ड्राइव्ह करंटला हात न लावता २० ते ७० अंशांत सेकंदाला १० गिगाबिट. काम थोरच. पण पी-डोपिंग करून टी-शून्य वाढवताना सुरुवातीचा थ्रेशोल्डही बहुधा वाढतो, आणि टी-शून्य दाखवतो ती फक्त सापेक्ष वाढ. थंड असतानाच जास्त करंट ओढणारा डायोड गरम झाल्यावर स्थिर दिसतो. त्याला स्थिर म्हणायचे की सारखाच खादाड, हे ज्याने त्याने ठरवावे.

शिवाय तरंगलांबीबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. १५५० नॅनोमीटरचा डीएफबी अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकतो. ५० गिगाहर्ट्झच्या ग्रिडवर चार अंश म्हणजे थेट शेजारचे चॅनल. मग पेल्टियर आलाच. तोही थर्मिस्टरचे ऐकतो, जंक्शनचे नव्हे. समजा, १३० मिलिवॅट उष्णता आणि वॅटला ५० अंश औष्णिक रोध: जंक्शन थर्मिस्टरपेक्षा साडेसहा अंश गरम. चिपखालचे सोल्डर थकले की हा फरक वाढतो, आणि पडद्यावर मात्र २५.०० अंश तसेच झळकत राहतात. कूलर बसवला म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी ही बेरीज एकदा स्वतः करून पाहावी.

काही वेळा उत्तर डायोडबाहेर असते. जीपॉनचा अपस्ट्रीम पट्टा मुळात १२६० ते १३६० नॅनोमीटर इतका ऐसपैस ठेवला गेला, म्हणून घरोघरच्या यंत्रात कूलरविना स्वस्त लेझर चालला. एक्सजीएस-पॉनचा डाउनस्ट्रीम १५७५ ते १५८० मध्येच बसवायचा आहे. पाच नॅनोमीटरमध्ये सरकायला जागा किती? चंद्रपूरच्या मे महिन्यात रस्त्याकडेच्या पेटीत उपकरण बसवणाऱ्याने हा प्रश्न निविदा लिहितानाच विचारावा. हवाच ४५ अंशांवर असते, पेटीच्या आतले वेगळे.

या मासिकापुरता एक नियम आम्ही करत आहोत. पुढील अंकापासून टी-शून्य देणाऱ्या प्रत्येक लेखात तीन गोष्टी असाव्यात: कोणत्या तापमानपट्ट्यात मोजला, पल्स देऊन की अखंड करंटवर, आणि २५ अंशांना थ्रेशोल्ड प्रत्यक्षात किती मिलिअँपिअर. यातली एक जरी नसेल, तर लेख परत येईल.