पेनड्राइव्हच्या वाटेवरचा पहारा

भोरकडून महाडकडे उतरणारी वरंध घाटाची वाट कावळ्या किल्ल्याला खेटून जाते. घाटातून काय चढते आणि काय उतरते यावर नजर ठेवण्यासाठीच अशा किल्ल्यांची योजना असे. पावसाळ्यात दरड कोसळून हा घाट बंद पडणे आता नवलाचे राहिलेले नाही. जुलै २०२१ मध्ये महाडचा महापूर आणि तळिये येथील दुर्घटना यांनी दळणवळण तुटणे म्हणजे काय, हे फार कटू रीतीने दाखवून दिले. अशा डोंगरी मुलखात सदासर्वकाळ इंटरनेटवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून शाळेचे निकालपत्रक, कचेरीचा अहवाल किंवा विद्यार्थ्याचा अर्ज पेनड्राइव्हमध्ये घालून खिशातून नेला जातो. सोय मोठी आहे; तथापि त्याच खिशातून रोगही प्रवास करतो, याचा विचार फारसा होत नाही.

हा रोग नवा नव्हे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी तयार केलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीतूनच देशोदेशी पोचला. फ्लॉपीच्याच काळात, मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करीत असता त्यांचे बंधू संजय यांनी विषाणुनाशक आज्ञावली लिहिली आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने तर बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेल्या यंत्रांपर्यंत पोचण्यासाठी पेनड्राइव्हचाच आधार घेतला. तेव्हा ‘इंटरनेट नाही, म्हणजे धोका नाही’ ही समजूत भाबडी आहे.

विषाणूची युक्ती साधी असते. तो मूळ फोल्डर लपवितो आणि त्याच नावाचा, तसाच दिसणारा शॉर्टकट पुढे ठेवतो. त्यावर क्लिक करताच फोल्डर उघडतो खरा, पण त्याबरोबर विषाणूही कामाला लागतो. पेनड्राइव्ह जोडताच आपोआप आज्ञा चालविण्याची जुनी सोय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये विंडोज एक्सपी आणि व्हिस्टावरही बंद केली; परंतु माणसाच्या हाताने होणारे क्लिक कोणती कंपनी बंद करणार? झेरॉक्सच्या दुकानात दिवसभरात पन्नास जणांचे पेनड्राइव्ह एकाच संगणकाला लागत असतील, तर एका रोग्याचा संसर्ग सर्वांना होणे ओघानेच आले.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?’ असा प्रश्न विचारला जातो. वास्तविक प्रश्न चोरीपुरता नाही. खंडणीखोर विषाणू फायली कुलूपबंद करतो तेव्हा वर्षभराचे गुण आणि हजेरी एका दुपारी नाहीशी होते. संगणकाला सतत जोडून ठेवलेली दुसरी प्रतही त्यातून सुटत नाही. मग दोष मात्र बिचाऱ्या लिपिकाच्या माथी येतो. ज्याला नियम सांगितला नाही, साधन दिले नाही, त्याला दोषी धरणे हा न्याय नव्हे.

पेनड्राइव्हवर सरसकट बंदी घालणे हाही उपाय नव्हे. बंदी घातली तरी जाळे तुटलेल्या दिवशी काम अडते आणि लोक चोरवाट शोधतात. त्याऐवजी प्रत्येक शाळेत व कचेरीत एक संगणक नाक्यासारखा राखून ठेवावा. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह प्रथम तेथे तपासला जावा. त्या संगणकावरील विषाणुनाशक नेमाने अद्ययावत करावे. दुकानात न्यायचा पेनड्राइव्ह वेगळा असावा आणि त्यात छापायच्या फायलींखेरीज काही नसावे. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत संगणकापासून अलग, कपाटात ठेवावी. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ मध्ये ‘यूएसबी प्रतिरोध’ हे साधन पुढे आणले. अशा साधनांची माहिती तालुक्याच्या प्रशिक्षणवर्गांतून शेवटच्या शाळेपर्यंत पोचविणे हे शिक्षण खात्याचे काम आहे.

यासाठी फार पैसा लागत नाही. शिस्त लागते, आणि ती वरून खाली यावी लागते. वाट बंद करून मुलूख राखता येत नाही. वाट चालू ठेवावी आणि नाक्यावर पहारा बसवावा, हेच त्या घाटातल्या जुन्या किल्ल्याचे शहाणपण आहे.