पावाचा राखणदार

परवा ऑफिसात मीटिंग होती. बॉसने एक झक्कास प्रेझेंटेशन दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी! आता खरं सांगतो, त्यातली एकूण एक स्लाइड आमच्या टीममधल्या नव्या मुलीने तीन रात्री जागून केली होती. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही. पण पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे ना!

घरी आईला सांगितलं, तर म्हणाली, 'अरे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.' विषय संपला.

पण झोप येईना. सवयीने डिक्शनरी चाळत बसलो आणि 'लॉर्ड' या शब्दापाशी अडलो. आपल्यासाठी लॉर्ड म्हणजे लॉर्ड कर्झन, नाहीतर हिंदी सिनेमातलं 'मिलॉर्ड'. पण हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द होता 'ह्लाफोर्ड', आणि त्याच्याही आधी 'ह्लाफवेआर्ड'. 'ह्लाफ' म्हणजे पाव, आजचा 'लोफ' तोच. 'वेआर्ड' म्हणजे राखणदार. थोडक्यात, लॉर्ड म्हणजे पावाची राखण करणारा!

आणि 'लेडी'? मुळात 'ह्लॅफडिये', म्हणजे पावाची कणीक मळणारी. यातला मळण्याचा धातू आणि आपल्या 'देह' शब्दाचा धातू मुळात एकच, बरं का!

मग माझ्यासारखे नोकरदार? आमच्यासाठीही शब्द होता, 'ह्लाफएटा', म्हणजे पाव खाणारा, धन्याच्या पदरी असलेला माणूस. इ. स. ६००च्या सुमाराचा, केंटच्या एथेलबर्ट राजाचा कायदा सांगतो, साध्या शेतकऱ्याच्या पदरचा असा माणूस मारला तर दंड ६ शिलिंग. घ्या, ही आमची सीटीसी!

हसलो, पण मग चरकलोच. राखणारा आहे, खाणारा आहे. पण पाव मळणारी तिसरीच. बॉसने तर राखणही केली नव्हती, दुसरीची पोळी सरळ आपल्या ताटात ओढली होती. आणि मी टाळी वाजवत होतो.

सोमवारी केबिनमध्ये गेलो. म्हटलं, 'सर, त्या प्रेझेंटेशनवर तिचं नाव टाकायचं राहिलंय.' सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'बघतो.'

अप्रेझल अजून व्हायचंय. काय होईल ते होईल. आईची म्हण मात्र मी जरा दुरुस्त केलीय: जिने मळली पोळी, तिची वाजवा टाळी!