तार की अलायनर? आधी निदान

गोंदिया जिल्ह्यातल्या दवाखान्यांत वेडेवाकडे किंवा पुढे आलेले दात घेऊन येणारे तरुण रुग्ण आता खुर्चीत बसण्याआधीच सांगतात, "डॉक्टर, तार नको, ते पारदर्शक लावून द्या." मागणी रास्त आहे. दोन वर्षे तोंडात धातू मिरवावा असे कोणाला वाटेल? पण ही मागणी आणि आपला निर्णय यांच्यामध्ये निदान उभे राहायला हवे, आणि अलीकडे तेच वगळले जाताना दिसते. म्हणून या महिन्याचे संपादकीय या एकाच प्रश्नावर आहे.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. सौम्य आणि मध्यम केसमध्ये अलायनर हे उत्तम साधन आहे. गुंतागुंतीच्या केसमध्ये मात्र, आणि विशेषतः जिथे तज्ज्ञ रोज हाताशी नाही अशा आपल्या जिल्ह्यात, तार हाच पहिला पर्याय राहिला पाहिजे. अलायनर तिथे वापरायचा असेल तर तो उपचाराचा एक टप्पा म्हणून, ऑर्थोडॉन्टिस्टच्या आराखड्यानुसार.

गुंतागुंतीची केस कोणती, यावर आधी एकमत हवे. उपदाढा काढून मोठी जागा बंद करायची आहे. सुळा हाडात अडकला आहे. उपदाढ खूप फिरलेली आहे. दोष दातांत नसून जबड्यांच्या परस्परसंबंधात आहे. चावा खूप खोल आहे किंवा पुढे मोठा उघडा आहे. टाळू दुभंगलेला आहे. शस्त्रक्रियेची गरज आहे. यांपैकी एकही गोष्ट असेल तर ती केस केवळ 'दात सरळ करण्याची' उरत नाही.

अलायनर बनवणारी पहिली मोठी कंपनी १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या उपकरणाला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. त्यानंतर प्लास्टिक सुधारले, दातांवर चिकटवायच्या अटॅचमेंटचे आकार सुधारले, संगणकीय आराखडे सुधारले. तरीही संख्या पाहाव्यात. क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पुढच्या दातांची पडद्यावर ठरवलेली हालचाल आणि तोंडात प्रत्यक्ष झालेली हालचाल ताडून पाहिली. सरासरी अचूकता ४१ टक्के निघाली. दात खाली ओढून आणण्याची तर ३० टक्क्यांच्याही आत. याच गटाने २०२० मध्ये नव्या साहित्यावर पुन्हा तपासणी केली तेव्हा सरासरी ५० टक्क्यांवर पोचली. प्रगती खरी आहे, पण निम्मे अंतर अजून उरलेच आहे. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात अलायनरचे ४८ आणि तारेचे ४८ रुग्ण तिथल्या ऑर्थोडॉन्टिक मंडळाच्या निकषांवर तपासले गेले. अलायनरच्या रुग्णांचे सरासरी १३ गुण जास्त कापले गेले. मोठा पुढे-मागचा फरक भरून काढणे आणि दाढांचा चावा नीट बसवणे, इथे ते कमी पडले. तो अभ्यास जुन्या पिढीच्या अलायनरचा आहे हे मान्य; पण त्याने दाखवलेल्या दुबळ्या जागा आजही बऱ्याच अंशी त्याच आहेत.

यामागचे यांत्रिक कारण समजून घेतले की निर्णय सोपा होतो. अलायनर दाताचा फक्त वरचा भाग वेढतो आणि त्याला ढकलतो. गोलसर उपदाढेवर त्याला पकड मिळत नाही, म्हणून ती फिरवताना तो निसटतो. मूळ सरकवायचे तर नुसता जोर पुरत नाही, जोडीला आघूर्णही लागते. पातळ प्लास्टिक ते पुरेसे देऊ शकत नाही. उपदाढा काढलेल्या जागेत मग मागचे दात पुढे कलंडतात, पटाशीचे दात आत झुकून खाली उतरतात आणि दाढांच्या बाजूला चावा उघडा पडतो. चौकोनी खाचेत चौकोनी तार बसवून मुळावर ताबा मिळवण्याची एजवाइज पद्धत एडवर्ड अँगल यांनी १९२० च्या दशकात मांडली. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी १९७२ मध्ये आदर्श चाव्याच्या सहा कसोट्या सांगितल्या आणि त्यावरून आजचे ब्रॅकेट घडले. अडकलेला सुळा जागेवर आणण्यासारखी ओढण्याची कामे अजूनही तारच नीट करते.

अलायनरचे श्रेयही मोकळेपणाने द्यायला हवे. तो काढून दात घासता येतात, त्यामुळे ब्रॅकेटभोवती पडणारे पांढरे डाग टळतात. हिरड्या कमकुवत असलेल्या प्रौढाला ही मोठी सोय आहे. दातांमधल्या फटी, थोडी दाटी, पूर्वी सरळ केलेल्या दातांचे पुन्हा हलणे, सौम्य उघडा चावा अशा केस तो चांगल्या सोडवतो. प्लास्टिकचे आवरण दाढांवर राहत असल्याने त्या किंचित आत दाबल्या जातात आणि उघड्या चाव्यात त्याचा फायदाच होतो. पहिले दहा-बारा महिने तारेने अवघड काम उरकून शेवटचा टप्पा अलायनरवर नेणे, हा आमच्या मते अनेक तरुण रुग्णांसाठी सर्वांत न्याय्य मार्ग आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट ठरावीक दिवशीच बाहेरून येतात. रोवणीच्या आणि धानकापणीच्या दिवसांत सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावचा रुग्ण ठरलेल्या तारखेला येईलच असे नाही. "अलायनरला कमी भेटी लागतात, तेव्हा लांबच्या रुग्णाला तोच बरा" असा युक्तिवाद यातून निघतो. सौम्य केसमध्ये तो खराही आहे. अवघड केसमध्ये मात्र तो उलटतो.

दोन्ही उपकरणे बिघडतात कशी, हे पाहा. ब्रॅकेट निघाला किंवा तार गालाला टोचली की रुग्ण त्याच आठवड्यात दारात येतो. अलायनरचा बिघाड मात्र मूक असतो. एक दात मागे पडतो, आवरण नीट बसत नाही, रुग्ण तरीही पुढचा संच घालतो. दोन महिन्यांनी आपण पाहतो तेव्हा पुढचे सगळे संच निरुपयोगी झालेले असतात. शिवाय तो दिवसाचे २० ते २२ तास तोंडात राहिला तरच काम करतो. तज्ज्ञ जितका दूर, तितके दिसणारा बिघाड परवडणारा आणि न दिसणारा बिघाड धोक्याचा. तारेची छोटी दुरुस्ती तालुक्याचा दंतवैद्य करू शकतो. फसलेला अलायनरचा आराखडा त्याला दुरुस्त करता येत नाही.

देवरी प्रकल्पातल्या आश्रमशाळांतील मुलांचा विचार इथे वेगळा करावा लागेल. पालक जवळ नाहीत, मूल सुट्टीतच घरी जाते. जेवताना काढलेला अलायनर हरवला तर विचारणार कोण? अशा मुलाला तार लावली तरी दात घासण्यावर देखरेख लागते, म्हणून अधीक्षकांना आणि शिक्षकांना उपचारात सामील करून घेतल्याशिवाय सुरुवात करू नये.

दुसरा प्रश्न खर्ऱ्याचा. कडक सुपारीने ब्रॅकेट निघतात, अटॅचमेंट झिजतात, प्लास्टिक डागाळते; पण त्याहून गंभीर म्हणजे तोंड उघडणे कमी होत जाते. सबम्यूकस फायब्रोसिस असलेल्या तोंडात मागच्या दाढेवर ट्यूब बसवणेही कठीण आणि मापे घेणेही कठीण. तोंड किती मिलिमीटर उघडते हे पहिल्याच भेटीत मोजून नोंदवा. खर्रा सुटल्याशिवाय कोणतेही उपकरण लावू नका. सबम्यूकस फायब्रोसिस ही पूर्वकर्करोग अवस्था आहे. दात सरळ करण्याआधी ती हाताळणे हे आपले कर्तव्य आहे.

तिसरा प्रश्न सिकलसेलचा. पूर्व विदर्भात हा आजार मोठा आहे आणि सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ पासून सुरू आहे. अस्थिमज्जा वाढल्याने या रुग्णांचा वरचा जबडा पुढे येऊ शकतो, पटाशीच्या दातांत फटी पडू शकतात. म्हणजे पुढे आलेले दात घेऊन येणारा एखादा मुलगा खरे तर हा आजार घेऊन आलेला असू शकतो. अशा रुग्णात जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे आणि मोठा ताण यांतून वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून दात न काढता होणारा उपचार, हलका जोर, दोन भेटींत पुरेशी विश्रांती आणि फिजिशियनचा सल्ला हे चार नियम पाळावेत. रक्ततपासणीचा प्रश्न आपल्या केसपेपरवर छापलेलाच असावा.

आराखडा कोणाचा, हा शेवटचा आणि कळीचा मुद्दा. कंपनीच्या पडद्यावर दात सुरेख सरकताना दिसतात, कारण चित्राला मूळ, हाड आणि स्नायू यांचा विरोध नसतो. तो आराखडा दूर बसलेल्या तंत्रज्ञाने केलेला असतो. मंजुरीची सही आपली असते आणि जबाबदारीही आपलीच. दंतवैद्याला न भेटता घरपोच अलायनर देणारी स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा उपचार अर्धवट राहिलेले रुग्ण वाऱ्यावर पडले. रुग्णाचे नाते दवाखान्याशी असावे, कंपनीशी नव्हे, हा त्यातला धडा आहे.

म्हणून आमच्या सर्व व्यवसायबंधूंना आणि भगिनींना पाच आग्रहाच्या विनंत्या आहेत. ओपीजी, लॅटरल सेफॅलोग्राम, छायाचित्रे आणि हिरड्यांची तपासणी यांशिवाय एकही ऑर्थोडॉन्टिक केस सुरू करू नका. गुंतागुंत दिसली की रुग्णाला ऑर्थोडॉन्टिस्टकडे पाठवा; खर्चाची अडचण असेल तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे, सावंगीचे महाविद्यालय आहे. जबड्यांच्या वाढीतला दोष असलेले मूल वाढीचे वय सरण्याआधी पाठवा. ते वय निघून गेले की तारही पुरत नाही आणि अलायनरही. तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात तारेचे टोक कापण्याचा कटर, मेण, लिगेचर आणि ब्रॅकेट पुन्हा चिकटवण्याचे साहित्य ठेवा, आणि येणाऱ्या तज्ज्ञाशी केसची लेखी देवाणघेवाण करा. अलायनर देताना पुन्हा स्कॅन, जादा संच आणि रिटेनर यांचा खर्च आधीच लिहून द्या.

रुग्ण पारदर्शक उपकरण मागतो, कारण त्याला चांगले दिसायचे आहे. ते मिळवून देणे आपले काम आहे. पण कोणत्या वाटेने, हे ठरवण्यासाठीच त्याने आपल्याला डॉक्टर म्हटले आहे. अवघड केसमध्ये "तुझ्यासाठी तारच योग्य आहे" हे शांतपणे, कारणांसह सांगा. रुग्ण दुसरीकडे गेला तरी चालेल. चुकीचा उपचार आपल्या हातून होऊ देऊ नका.