ललिता पवारांना थपडेने नव्हे, अभिनयाने मोठं केलं

घरात काड्या घालणाऱ्या बाईला आपण आजही सहज ‘मंथरा’ म्हणतो. तेव्हा डोळ्यांसमोर चेहरा येतो ललिता पवार यांचा.

काय घडलं होतं?
येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांच्या काळापासून नायिका होत्या. १९४२ मध्ये चित्रीकरणात भगवान यांची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कामं थांबली.

पुढे काय?
त्या चरित्र भूमिकांकडे वळल्या. खाष्ट सासू गाजलीच. पण ‘श्री ४२०’मधली (१९५५) केळेवाली आणि ‘अनाडी’तली (१९५९) मायाळू मिसेस डिसाही त्यांचीच. ‘अनाडी’साठी फिल्मफेअर मिळालं. पुढे १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेने त्यांची मंथरा घरोघरी पोहोचवली.

मुद्दा काय?
‘थप्पड बसली आणि नशीब उघडलं’ असं सांगणं बंद करायला हवं. अपघाताने त्यांचं काम हिरावलं. ते परत मिळवलं मेहनतीने. म्हणून एकांकिकेत नायिकेऐवजी सासूची भूमिका आली, तर बीड-अंबाजोगाईतल्या कुणा मुलीने हिरमुसू नये. त्या काळच्या कितीतरी नायिका आपण विसरलो. मंथरा नाही विसरलो.