फुटबॉलपटूची वाट विद्यालयातून

विद्या आणि खेळ ह्यांचे हाडवैर आहे, असा एक समज आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुलगा मैदानावर रमला की बापाच्या कपाळास आठी पडते. तो पुस्तकात रमला की मैदानावरचे सोबती त्यास हिणवितात. आमच्या मते हे दोन्ही पक्ष सारखेच चुकतात. परंतु पूर्वी ह्या चुकीने फारसे बिघडत नसे, कारण खेळ हा तेव्हा फावल्या वेळेचा विषय होता. आता तसे राहिले नाही. फुटबॉल हा आज पोट भरण्याचा धंदाही झाला आहे, आणि दहावीच्या वर्गातील मुलगा आईबापांस सरळ विचारू लागला आहे की, “मी शाळा सोडून फुटबॉलच्या अकादमीत जाऊ काय?” ह्या प्रश्नास केवळ रागावून उत्तर देणे बरे नव्हे. त्याचा शांतपणे विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एका इंग्रज मुलाची हकिकत पाहू. जॅक हॅरिसन हा १९९६ साली इंग्लंडातील स्टोक-ऑन-ट्रेंट ह्या गावी जन्मला. मँचेस्टर युनायटेड हे नाव आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. त्याच क्लबाच्या अकादमीत तो लहानपणापासून शिकत होता. जेथे प्रवेश मिळावा म्हणून हजारो मुले धडपडतात, तेथून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या आईने त्यास काढले आणि समुद्रापलीकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतातील बर्कशायर स्कूल ह्या निवासी शाळेत धाडले. अकादमीतील बहुसंख्य मुले पुढे व्यवसायी संघापर्यंत पोहोचत नाहीत, आणि मग त्यांच्या हाती ना खेळ राहतो ना शिक्षण, हे त्या माउलीने ओळखले होते. शाळा संपवून जॅक वेक फॉरेस्ट विद्यापीठात गेला व २०१५ साली त्या विद्यापीठाच्या संघातून खेळला. २०१६ च्या आरंभी अमेरिकेतील व्यवसायी संघांनी महाविद्यालयीन खेळाडूंची जी वार्षिक निवड केली, तीत सर्वांत पहिले नाव त्याचे निघाले. पुढे न्यूयॉर्क सिटी ह्या संघातून खेळून तो इंग्लंडात परतला, आणि २०२० साली लीड्स युनायटेड हा संघ प्रीमियर लीगमध्ये चढला तेव्हा जॅक त्या संघात होता. घरासमोरची वाट सोडून तो जगाला वळसा घालून गेला, तरी मुक्कामास पोहोचला.

येथे कोणी म्हणेल की, एकाच वर्षात तो विद्यापीठ सोडून व्यवसायी झाला. मग त्या शिक्षणाचा उपयोग तो काय? आक्षेप खरा आहे. परंतु आमचे म्हणणे एका जॅकपुरते नाही, ज्या व्यवस्थेतून तो गेला तिच्याविषयी आहे. अमेरिकेत पहिल्या श्रेणीत पुरुषांचे फुटबॉल संघ असलेली विद्यापीठे दोनशेहून अधिक आहेत. चांगल्या खेळाडूस तेथे शिष्यवृत्ती मिळते. पण ठरलेले विषय उत्तीर्ण झाल्यावाचून त्यास संघात उतरता येत नाही. म्हणजे चेंडूमुळे त्यास पुस्तक मिळते, आणि पुस्तकामुळे त्याचा चेंडू टिकतो. जो व्यवसायी संघात निवडला गेला तो खेळाडू झाला. जो निवडला गेला नाही तो पदवी घेऊन बाहेर पडला. दोघांपैकी कोणीही रिकाम्या हाताने घरी गेला नाही. ह्या व्यवस्थेचे खरे मोल हेच होय.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. कोल्हापुरात फुटबॉलचे वेड किती आहे हे तेथील शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ ह्यांचा सामना ज्याने पाहिला त्यास ठाऊक आहे. त्याच कोल्हापुरात २००० साली जन्मलेला अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. ही प्रबोधिनी राज्य सरकारची असून तेथे मुलांस राहण्याची सोय, खेळाचे शिक्षण व शाळा ही तिन्ही मिळतात. तेथून पुढे गेलेला हा मुलगा २०१७ साली आपल्याच देशात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. नंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर व हैदराबाद ह्या संघांतून त्याने व्यवसायी खेळ केला. अनिकेतच्या यशाचे सर्वांस कौतुक आहे. परंतु ज्या पायरीवरून तो वर चढला ती सरकारने बांधलेली आणि शाळेला जोडलेली होती, ही गोष्ट मात्र कौतुक करणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

पायरी शाळेला जोडलेली का असावी, ह्याचे उत्तर आम्हां पिंपरीकरांस दूर शोधावयास नको. आपल्या शेजारी मामुर्डी येथे पुणे एफ.सी. ह्या क्लबाची अकादमी होती. मलप्पुरमचा आशिक कुरुणियन तेथे शिकला व पुढे भारताच्या संघातून खेळला. परंतु २००७ साली निघालेला तो क्लब २०१५ साली आय-लीगमधून बाहेर पडला. त्याची अकादमी ज्या एफ.सी. पुणे सिटीने घेतली, तो क्लबही २०१९ साली संपुष्टात आला. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा एके काळचा राष्ट्रीय विजेता संघ २०१० साली बंद झाला, मुंबई एफ.सी. २०१७ साली बंद झाला. इतकेच काय, २०२५ च्या जुलै महिन्यात देशातील सर्वांत श्रीमंत लीग, इंडियन सुपर लीग, हिचाच हंगाम करारांच्या तिढ्यामुळे थांबवून ठेवण्यात आला आणि नामांकित खेळाडूही पगाराच्या चिंतेत पडले.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी कारखान्याचा भोंगा ऐकून दिवस सुरू होत आला आहे. २००७ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील वाहनांचे उत्पादन थांबले, ते येथे कोण विसरेल? त्या काळात ज्याच्या हाती एखाद्या कामाचे प्रमाणपत्र होते त्याने भोसरीत किंवा चाकणला दुसरा दरवाजा ठोठावला. ज्याच्या हाती काहीच नव्हते त्याची स्थिती निराळी होती. क्लब हाही एक कारखानाच आहे. तो मालकाच्या मर्जीवर व बाजाराच्या वाऱ्यावर चालतो. त्यातही येथे जागा किती थोड्या! २०२४-२५ च्या हंगामात सुपर लीगमध्ये १३ संघ होते. प्रत्येकात तीसेक खेळाडू धरले तरी परदेशी खेळाडूंसह चारशेच्या आसपास जागा झाल्या. आणि हा सारा धंदा बहुधा पस्तिशीच्या आत आटोपतो. त्यानंतरचे अर्धे आयुष्य कशाच्या आधारावर काढावयाचे?

ह्या संदर्भात एका थोर खेळाडूचे स्मरण करणे उचित होईल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ उतरला. त्यातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले व फ्रान्सकडून अवघ्या २-१ अशा फरकाने हरले. त्या संघाचे कर्णधार तालिमेरेन आओ हे नागा टेकड्यांतील एका ख्रिस्ती पाळकाचे पुत्र होते. ते मोहन बागानसारख्या मातब्बर संघातून खेळत होते आणि त्याच काळात कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकतही होते. पुढे डॉक्टर होऊन ते आपल्या लोकांत परतले व नागालँडच्या आरोग्यखात्याचे संचालक झाले. मैदानावरील त्यांची कीर्ती काही वर्षांची होती. रुग्णांची सेवा त्यांनी आयुष्यभर केली. एकीने दुसरीस बाधा आणली नाही.

तरीही एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. आज आपल्या देशात महाविद्यालयातून व्यवसायी फुटबॉलकडे जाणारी वाट फार अरुंद आहे. शाळांसाठी १९६० पासून सुब्रतो चषक आहे, विद्यापीठांसाठी सर आशुतोष मुखर्जी चषक आहे. परंतु विद्यापीठांचे सामने थोड्या दिवसांत उरकतात, आणि क्लबांची नजर तिकडे क्वचितच वळते. क्लब मुले उचलतात ती तेराव्या-चौदाव्या वर्षी. तेव्हा ‘शाळा सोडू नको’ असा उपदेश मुलास करून आपण मोकळे झालो, तर तो निव्वळ ढोंगीपणा होईल. वाट रुंद करणे हे मोठ्यांचे काम आहे. विद्यापीठांनी आठवड्याचे नव्हे, हंगामभराचे सामने भरवावेत. सामन्यासाठी गेलेल्या मुलाची परीक्षा पुन्हा घेण्यात कोणाही संस्थेने कमीपणा मानू नये. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विद्यार्थ्यास मध्येच थांबून पुन्हा शिक्षण सुरू करण्याची व मिळविलेले श्रेयांक साठवून ठेवण्याची सोय दिली आहे. तिचा लाभ खेळाडूंइतका दुसऱ्या कोणास होणार? आणि क्लबांनी मुलाशी करार करताना त्याच्या शाळेची व्यवस्था लिहून द्यावी. ती ज्यांस देता येत नाही त्यांनी परक्याचे मूल घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पालकहो, तुमच्या मुलाचे पाय चेंडूवर चांगले चालत असतील तर ते बांधून ठेवू नका. त्यास अकादमीत घालावयाचे असेल तर जरूर घाला. पण फीचा आकडा विचारण्यापूर्वी तेथील मुले कोणत्या शाळेत जातात, किती वाजता जातात आणि दहावीस कितीजण उत्तीर्ण झाले, हे विचारा. उत्तर देताना समोरचा मनुष्य अडखळला तर मुलाचा हात धरून परत या.

आणि मुलांनो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे. हॅरिसनच्या आईने मुलाचा खेळ मोडला नाही, त्याची दुसरी बाजू राखली. आघाडीवर धावणाऱ्यास गोल करण्याचे सुख मिळते खरे. परंतु ज्या संघाने मागची फळी उघडी टाकली तो संघ जिंकत नाही, हे तुम्ही आमच्यापेक्षा अधिक जाणता. शिक्षण ही तुमची मागची फळी आहे. ती भक्कम राखा, आणि मग खुशाल पुढे धावा.